सेवेची रीत

पावसाळ्यात महाविद्यालये उघडली की दिल्लीसारख्या शहरात दरवर्षी एक सुखद गोष्ट घडते. निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, वेगवेगळ्या भाषा बोलणारी दहा-वीस मुलेमुली एकत्र जमतात आणि आपण समाजासाठी काही तरी करावे असे ठरवतात. मंडळाला नाव दिले जाते, चिटणीस निवडला जातो, वर्गणी ठरते आणि वर्षाच्या कार्यक्रमांची यादी तयार होते. वृक्षारोपण, रक्तदान, थंडीत घोंगड्यांचे वाटप, झोपडवस्तीतील मुलांसाठी वर्ग, एखादी प्रभातफेरी. यादी चांगली असते, हेतूही निर्मळ असतो. तरीही परीक्षांचे दिवस जवळ येईपर्यंत यांतील पुष्कळ मंडळे विसकटून जातात, आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप झाला त्यांच्या आयुष्यात फारसा फरक पडलेला नसतो.

याचा दोष तरुणांच्या चंचलतेला देण्याची आपल्याला सवय आहे. मला तो न्याय्य वाटत नाही. शेतीला, स्वयंपाकाला किंवा गायनाला जशी एक रीत असते तशी ती सेवेलाही असते, आणि ती कोणी तरी शिकवावी लागते. आपण तरुणांना सेवेचे माहात्म्य पुष्कळ सांगतो. तिची रीत मात्र क्वचितच सांगतो. गरज कोणाची आहे हे कसे ओळखावे, मदत कोणी व किती करावी आणि ती केव्हा थांबवावी, हे प्रश्न माहात्म्याच्या व्याख्यानात येत नाहीत. त्यांचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. ज्या दिल्लीत ही मंडळे निघतात, त्याच दिल्लीने १९४७ साली हा धडा फार मोठी किंमत देऊन गिरवला आहे.

मराठी श्रोत्यांना स्वयंसेवेची परंपरा नवी नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्याला रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. या संस्थेचा एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. नव्या सभासदाला तेथे प्रारंभीची पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. अभ्यास करावा, देश हिंडून पाहावा, अनुभवी सभासदांच्या हाताखाली राबावे, आणि मगच लोकांपुढे स्वतंत्रपणे उभे राहावे, असा गोखल्यांचा आग्रह होता. याच संस्थेतील ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि ती गिरणगावातील कामगारांच्या चाळींपर्यंत नेली. १९४१ साली राष्ट्र सेवा दल उभे राहिले, त्यानेही शिबिर आणि शिस्त यांवर भर दिला. नुसती तळमळ पुरेशी नसते, तिच्या मागे तयारी असावी लागते, हे या सर्वांनी ओळखले होते. ही तयारी नसताना एखाद्या शहरावर अकस्मात संकट कोसळले म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी आपण दिल्लीकडे वळू.

१९४१ च्या शिरगणतीत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख होती. १९५१ मध्ये ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली. या वाढीत सुमारे ५ लाख माणसे अशी होती, की जी फाळणीमुळे पश्चिम पंजाबातून, सिंधमधून आणि सरहद्द प्रांतातून घरदार सोडून आली होती. शहराच्या उत्तरेला, जेथे १९११ साली बादशहा पंचम जॉर्जचा दरबार भरला होता त्याच परिसरात, किंग्जवे कॅम्प नावाची विस्तीर्ण छावणी वसली. लष्कराच्या जुन्या बराकींत, तंबूंत, मिळेल त्या छपराखाली माणसे राहू लागली. त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या भागात, पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथे, दंगलींनी घरातून हुसकावलेले मुसलमान आश्रयाला आले होते. त्यांतील अनेकांना पाकिस्तानात जावयाचे होते. अनेकांना कोठेच जावयाचे नव्हते, पण परत जाण्यासाठी घर उरले नव्हते. एकाच शहरात, काही कोसांच्या अंतरावर, दोन दिशांनी उखडलेली माणसे समोरासमोर बसली होती.

सरकारी यंत्रणा अपुरी पडणे स्वाभाविक होते. शाळा-महाविद्यालयांतील तरुण, गृहिणी, डॉक्टर, गांधीजींच्या आश्रमांतील कार्यकर्ते असे नाना प्रकारचे लोक छावण्यांमध्ये धावले. प्रथम प्रश्न आला तो अन्नाचा, आणि पाठोपाठ थंडीचा. दिल्लीची थंडी ज्यांनी अनुभवली नाही त्यांना तिची कल्पना येणे कठीण. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तपमान पाच अंशांच्याही खाली उतरते, आणि उघड्यावर झोपणाऱ्याच्या अंथरुणात दव मुरते.

गांधीजी सप्टेंबर १९४७ मध्ये दिल्लीत आले आणि ऑक्टोबरपासूनच ते आपल्या सायंप्रार्थनेत घोंगड्या व रजया मागू लागले. त्यांच्या या आवाहनातील बारकावा पाहण्यासारखा आहे. रजई स्वस्त पडते. ती मळली की उसवून कापड धुता येते, आतला कापूस पिंजून पुन्हा भरता येतो. आणि रात्री तिच्यावर जुनी वर्तमानपत्रे पसरली तर दव आत शिरत नाही, असे त्यांनी लोकांना समजावून सांगितले. देशाचे भवितव्य डोळ्यांपुढे डळमळत असताना हा वृद्ध पुरुष रजईवर कोणता कागद घालावा याचा विचार करीत होता. मला यात सेवेच्या रीतीचे पहिले सूत्र दिसते. मदत करणाऱ्याने आपण काय देणार आहोत याआधी, घेणारा ती वस्तू रात्री कशी वापरील आणि सकाळी कोठे ठेवील, याचा विचार केला पाहिजे.

हे सूत्र आजही तितकेच लागू आहे. दर हिवाळ्यात दिल्लीत घोंगड्या वाटल्या जातात. रस्त्याकडेला झोपणाऱ्या मजुराची अडचण अशी, की सकाळी कामावर जाताना ते अंथरूण ठेवायला त्याच्यापाशी जागा नसते. चोरीला जाईल म्हणून तो ते विकून टाकतो किंवा तेथेच सोडून जातो. वाटणाऱ्यांना मग वाटते, की या लोकांना दिलेल्या वस्तूची किंमत नाही. वस्तुतः त्याला घोंगडीइतकीच एका पेटीची, किंवा रैनबसेऱ्यातील एका हक्काच्या जागेची गरज असते. दिल्लीतील रात्रनिवारे पाहण्यासाठी २०१० साली कायद्याने एक स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आहे. आपल्या भागातील रैनबसेरा कोठे आहे, तेथे स्त्रियांसाठी सोय आहे काय, माणसे तेथे जात नसतील तर का जात नाहीत, एवढी चौकशी एखाद्या तरुण मंडळाने केली तर ती शंभर घोंगड्यांच्या तोलाची ठरेल.

दुसरे सूत्र याहून कठीण आहे. १९४७ मध्ये किंग्जवे कॅम्पात काम करणे सोपे नसले तरी तेथे जाणाऱ्याला समाजाची शाबासकी मिळे. पुराना किल्ल्यात काम करणाऱ्याला मात्र टोमणे ऐकावे लागत. या दुसऱ्या छावण्यांत ज्यांनी काम केले त्यांमध्ये अनीस किडवाई हे नाव आदराने घ्यावयास हवे. त्यांचे पती शफी अहमद किडवाई मसुरीला सरकारी कामावर होते. तेथेच ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांची हत्या झाली. शोकाने खचलेल्या या बाई दिल्लीत गांधीजींकडे आल्या, आणि गांधीजींनी त्यांना मुसलमान निर्वासितांच्या छावण्यांत काम करण्यास पाठविले. सुभद्रा जोशी आणि अन्य सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हे काम केले. पुढे दोन्ही बाजूंच्या पळवून नेलेल्या स्त्रियांच्या शोधकार्यातही त्या सहभागी झाल्या. त्यांनी या दिवसांच्या उर्दूत लिहिलेल्या आठवणी आज पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. ज्या द्वेषाने आपला संसार उद्ध्वस्त केला त्याच द्वेषाने होरपळलेल्या इतरांकडे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, त्या वळल्या. मदत करताना माणसाचे दुःख पाहावे, त्याचे नाव विचारून मग दुःख मोजू नये, असे हे दुसरे सूत्र आहे.

या सूत्राला जगाच्या व्यवहारात नियमाचे रूप मिळाले ते रेडक्रॉसच्या चळवळीमुळे. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे फ्रान्स व सार्डिनिया यांच्या सैन्याची ऑस्ट्रियाच्या सैन्याशी लढाई झाली. आंरी द्यूनां हा जिनीव्हाचा व्यापारी स्वतःच्या कामासाठी त्या भागात गेला होता. जखमींचे हाल पाहून त्याने जवळच्या कास्तिल्योने गावातील बायकांना गोळा केले आणि तेथील चर्चमध्ये शुश्रूषा सुरू केली. जखमी कोणत्या बाजूचा आहे हे त्यांनी पाहिले नाही. १८६२ मध्ये या अनुभवावर त्याने एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात करुणेइतकीच एक व्यावहारिक सूचना आहे आणि तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. युद्ध सुरू झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा शांततेच्या काळातच प्रत्येक देशात स्वयंसेवकांची मंडळे तयार करावी, त्यांना शिकवून ठेवावे, असे त्याने सुचविले. या सूचनेतून १८६३ साली रेडक्रॉसची समिती आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी पहिला जिनीव्हा करार जन्माला आला. भारतातील रेडक्रॉस सोसायटी १९२० च्या कायद्याने स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय नवी दिल्लीतच आहे. १९६५ मध्ये व्हिएन्ना येथे या चळवळीने आपली सात तत्त्वे निश्चित केली. मानवता, निःपक्षपातीपणा, तटस्थता, स्वातंत्र्य, स्वेच्छासेवा, एकता आणि विश्वव्यापकता अशी ती आहेत. यांतील निःपक्षपातीपणाचा अर्थ सर्वांना सारखे वाटणे असा नाही. ज्याची गरज अधिक निकडीची त्याला आधी, असा त्याचा अर्थ आहे. म्हणून निःपक्षपाती राहण्यासाठी आधी गरज मोजता आली पाहिजे.

आता पुन्हा किंग्जवे कॅम्पाकडे येऊ, कारण तिसरे सूत्र तेथे सापडते. या छावणीत हडसन लाइन्स नावाचा एक भाग होता. त्याची व्यवस्था लक्ष्मीचंद जैन नावाच्या एका तरुणाकडे आली. त्याचा जन्म डिसेंबर १९२५ चा. म्हणजे त्या वेळी तो बाविशीच्या उंबरठ्यावर होता. विद्यार्थी-चळवळीतून आलेल्या या तरुणावर हजारो माणसांच्या अन्नपाण्याची, स्वच्छतेची, तंट्याबखेड्यांची जबाबदारी पडली. शिधा वाटून माणसे जगतात, पण काही दिवसांनी छावणीचा कंटाळा माणसाला आतून पोखरू लागतो. पेशावरात ज्याचे दुकान होते, मुलतानाकडे ज्याची शेती होती, त्याला रोज हातात भांडे घेऊन रांगेत उभे राहणे हा अपमान वाटतो. त्याला काम हवे असते.

कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी हे ओळखले. १९४८ मध्ये त्यांनी इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन ही संस्था काढली. लक्ष्मीचंद जैन तिच्यात सामील झाले. दिल्लीच्या दक्षिणेला मेहरौलीजवळ छतरपूर भागात काही निर्वासितांना जमीन मिळवून देऊन सहकारी शेतीचा प्रयोग सुरू झाला. याहून मोठा प्रयोग झाला तो दिल्लीपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर असलेल्या फरीदाबादला.

सरहद्द प्रांतातील बन्नू, डेरा इस्माइलखान या भागांतून आलेले हजारो लोक प्रथम कुरुक्षेत्राच्या प्रचंड छावणीत ठेवले गेले होते. त्यांतील अनेकांनी खान अब्दुल गफारखान यांच्या खुदाई खिदमतगार चळवळीत अहिंसक लढ्याचे शिक्षण घेतले होते. सरकार त्यांना राजस्थानात निरनिराळ्या ठिकाणी पाठवू पाहात होते. आम्हांला विखरू नका, एकत्र राहू द्या, असा त्यांनी सत्याग्रह केला. अखेर फरीदाबादला त्यांच्यासाठी नवे नगर वसविण्याचे ठरले, आणि १९४९ मध्ये राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली एक विकास मंडळ नेमले गेले. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे घरे बांधण्याचे काम कंत्राटदारांकडे गेले असते आणि निर्वासित तयार घरांची वाट पाहात तंबूंत बसले असते. कार्यकर्त्यांनी वेगळा मार्ग धरला. येथे राहणारे लोकच आपली घरे बांधतील, असे त्यांनी ठरवले. दुकानदार, शेतकरी, कारकून अशा, हातात कधी थापी न धरलेल्या माणसांनी सहकारी संस्था काढल्या, विटा पाडल्या, भिंती उचलल्या. सरकारी बांधकाम खात्यातील अनुभवी लोकांना हे जमेल असे वाटत नव्हते. पण घरे उभी राहिली. आज फरीदाबाद हे लाखो वस्तीचे औद्योगिक शहर आहे, आणि त्याच्या जुन्या भागाच्या पायात त्या हातांची मेहनत आहे.

ही कथा येथेच थांबविली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. पुढे काही वर्षांतच नगराचा कारभार सरकारी खात्याकडे गेला, सहकारी संस्थांचा आधार काढून घेतला गेला आणि त्या मावळल्या. लक्ष्मीचंद जैन यांनी नंतर लिहिलेल्या फरीदाबादच्या हकिगतीत याची खंत आहे. सार्वजनिक सेवेबद्दल १९८९ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पण फरीदाबादचे अपुरे राहिलेले काम ते विसरले नाहीत. या दोन्ही बाजू पाहिल्या म्हणजे तिसरे सूत्र स्पष्ट होते. ज्याला मदत करावयाची त्याच्या अंगी काय आहे हे आधी पाहावे, काम त्याच्याच हाती द्यावे, आणि आपण बाजूला झाल्यावर ते त्याच्याच हाती राहील अशी व्यवस्था करावी. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे.

गरजेची चौकशी, दुःखाकडे सरळ नजर आणि दुसऱ्याच्या कर्तृत्वावर विश्वास, अशी ही तीन सूत्रे हाती घेऊन आजच्या तरुण मंडळाने वर्षाची आखणी कशी करावी?

प्रथम, यादी करण्यापूर्वी एक महिना केवळ पाहण्यात आणि ऐकण्यात घालवावा. महाविद्यालयाच्या आसपासची एकच वस्ती निवडावी. पाणी केव्हा येते, मुले कोणत्या इयत्तेत शाळा सोडतात, म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतनाचे अर्ज कोण भरून देते, जवळचा सरकारी दवाखाना किती वाजता उघडतो, हे प्रश्न घेऊन जावे आणि उत्तरे वहीत उतरवावी. ज्यांना विचारले त्यांनाच ती उत्तरे पुन्हा वाचून दाखवावी आणि यांतले आधी काय व्हावे असे तुम्हांला वाटते, असे पुसावे. पुष्कळदा असे आढळते, की आपण पुस्तके वाटावयास निघालो होतो आणि वस्तीला हवा होता रात्री अभ्यासाला बसण्यापुरता एक दिवा आणि थोडी शांत जागा.

दुसरे, बारा कामांऐवजी एकच काम घ्यावे आणि ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी करावे. मुलांचा वर्ग आठवड्यातून दोनच दिवस असला तरी चालेल. पण ते दोन दिवस चुकता कामा नयेत. परीक्षेच्या दिवसांत कोण येईल, सुट्टीत कोण येईल, पुढील वर्षी शेवटच्या वर्गातील विद्यार्थी निघून गेल्यावर काम कोण चालवील, हे पहिल्याच बैठकीत ठरले पाहिजे. लहान मुले माणसाची वाट पाहतात. दोनदा वाट पाहून निराश झालेले मूल तिसऱ्यांदा येत नाही, आणि ते का आले नाही हे आपल्याला कधी कळतही नाही.

तिसरे, पैशाचा हिशेब. आलेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्यावी, खर्चाचे कागद जपावे आणि महिन्याच्या शेवटी हिशेब सर्वांच्या दृष्टीस पडेल असा लावावा. यात अविश्वास नाही. विश्वास टिकविण्याचा तो मार्ग आहे. त्याचबरोबर आणखी एका गोष्टीचा हिशेब ठेवावा, ती म्हणजे छायाचित्रे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. घोंगडी घेणाऱ्या वृद्धेचे किंवा खाऊ घेणाऱ्या मुलाचे छायाचित्र काढून जगभर पाठविणे क्षणाचे काम झाले आहे. आपल्या घरी कोणी असे चित्र काढले असते तर आपल्याला कसे वाटले असते, एवढा प्रश्न स्वतःला विचारला तरी पुरे.

येथवर आपण प्रत्यक्ष कामाचा विचार केला. मानवतेच्या प्रश्नांविषयी लोकांना जागे करणे हेही अशा मंडळांचे काम मानले जाते. पण बहुधा ते घोषणाफलक आणि फेऱ्या यांत संपते. लोकांना उपदेश नको असतो; जी माहिती त्यांना ठाऊक नाही आणि जी उपयोगी पडेल, ती त्यांना हवी असते. अशा माहितीची तीन उदाहरणे देतो.

पांढऱ्या भूमीवरील लाल क्रॉस हे चिन्ह आपण डॉक्टरांच्या मोटारींवर, औषधाच्या दुकानांवर पाहतो आणि ते वैद्यकीय व्यवसायाचे चिन्ह आहे असे समजतो. ते तसे नाही. युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांवर कोणी शस्त्र उगारू नये म्हणून ठरविलेले ते संरक्षणाचे चिन्ह आहे. भारतात १९६० च्या जिनीव्हा करार कायद्याप्रमाणे परवानगीवाचून त्याचा वापर करणे दंडास पात्र आहे. गल्लोगल्ली ते दिसू लागले तर युद्धभूमीवर त्याला कोण मानील? मंडळाने आपल्या भागातील दुकानदारांना आणि डॉक्टरांना भेटून हे शांतपणे समजावून सांगितले, तर जिनीव्हा करार म्हणजे काय हे त्या निमित्ताने शेकडो लोकांना कळेल.

दुसरे उदाहरण रस्त्यावरच्या अपघाताचे. जखमी माणूस पडलेला असतो, भोवती गर्दी असते, पण उचलून नेण्यास कोणी पुढे होत नाही. पोलिस चौकशी, कोर्टकचेरी मागे लागेल, ही भीती त्यामागे असते. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या मार्गदर्शक नियमांना बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलमच घातले गेले. सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर त्या जखमीच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असा त्याचा आशय आहे. रिक्षाचालक, फेरीवाले, पानवाले यांना अपघात सर्वांत आधी दिसतो. त्यांच्यापर्यंत ही माहिती नेणे आणि जोडीला रक्तस्राव कसा थांबवावा हे शिकविणे, हे काम एखाद्याचा जीव वाचवू शकते.

तिसरे उदाहरण रक्तदानाचे. एखाद्या राष्ट्रीय दिवशी मोठे शिबिर भरवावे, एकाच दिवशी शेकडो बाटल्या जमवाव्या, अशी आपली पद्धत आहे. पण रक्तातील तांबड्या पेशी साधारणपणे ३५ ते ४२ दिवसच टिकतात आणि रक्तबिंबिका अवघे पाच दिवस. दिल्लीत उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थी गावी जातात, आणि पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ येते तेव्हा मागणी वाढते. म्हणून मंडळाने रक्तपेढीला आधी विचारावे आणि तिच्या गरजेप्रमाणे लहान लहान शिबिरे वर्षभर पसरावी. पुरुषांनी दोन रक्तदानांत ९० दिवसांचे आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे, असा आपल्याकडील नियम आहे. दात्यांची एक नोंदवही ठेवून ज्याची पाळी आली त्याला बोलावले, तर उत्साहाला नियमिततेची जोड मिळते.

माहिती हीच सेवा ठरू शकते याचा प्रत्यय दिल्लीला एप्रिल व मे २०२१ मध्ये आला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांत खाटा मिळेनात, प्राणवायूची टंचाई झाली. अशा वेळी अनेक तरुण मुलामुलींनी घरी बसून दूरध्वनी क्रमांकांच्या याद्या तयार केल्या. काही याद्या उपयोगी पडल्या, काही पडल्या नाहीत. फरक कशात होता? ज्यांनी प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करून, खात्री किती वाजता केली हे त्यापुढे लिहिले, त्यांची यादी कामास आली. ज्यांनी केवळ पुढे पाठविली, त्यांच्या यादीने हवालदिल नातलगांचा वेळ मात्र खर्ची पडला. मोजणे आणि पडताळणे ही कोरडी वाटणारी कामे संकटाच्या वेळी किती मायेची ठरतात, हे त्या दिवसांत दिसून आले.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, आपल्या देशात राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थी तिच्यात होते. दोन वर्षांत २४० तास सेवा करावी, असा तिचा संकेत आहे. तास मोजण्याच्या या पद्धतीची काही जण थट्टा करतात. पण तास मोजणे वाईट नाही. मोजलेल्या तासांत आपण कोणाच्या शेजारी बसलो, कोणाचे ऐकले, हे विसरणे वाईट.

किंग्जवे कॅम्पातील त्या जुन्या बराकींच्या जागी आज भरगच्च वस्ती आहे. हडसन लेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील गल्ल्यांत दिल्ली विद्यापीठाचे विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांच्यापैकी कोणाच्या मनात उद्या एखादे सेवामंडळ काढावयाचे आले, तर त्यांनी पहिली बैठक जरूर भरवावी, नाव ठेवावे, चिटणीस निवडावा. मात्र कार्यक्रमांची यादी त्या दिवशी करू नये. एक कोरी वही घ्यावी, शेजारच्या वस्तीत जावे आणि जो पहिला माणूस भेटेल त्याला, तुम्हांला काय हवे आहे आणि तुम्हांला काय येते, हे दोन्ही प्रश्न विचारावे. पहिल्या उत्तरातून त्याची गरज कळेल. दुसऱ्यातून त्या कामातला आपला पहिला सहकारी मिळेल.